सावली लवकर हवी असेल तर

"सावलीचं झाड द्या. पण लवकर वाढणारं." माझ्या रोपवाटिकेत येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांचं मागणं एवढंच असतं. घरी लिंब वाळत चाललेला असतो किंवा गेल्या वळवात पडलेला असतो. अंगण उघडं पडतं आणि पत्र्याचं घर तापायला लागतं. मी लगेच रोप दाखवत नाही, आधी तीन गोष्टी विचारतो. जुनं झाड अजून उभं आहे का? दुपारचं ऊन घराच्या कोणत्या बाजूनं येतं? आणि मार्च-एप्रिलात घरी कोण असतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणसं देतात, तिसऱ्याला हसतात. झाडाचं जगणं-मरणं मात्र आमच्याकडे तिसऱ्यावरच ठरतं.

आमचं पाली हे गाव बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावर, मांजरसुंब्याच्या अलीकडे. जवळच बिंदुसरेचं धरण, भोवती बालाघाटाचे बोडके डोंगर. वर हात-दीड हात माती आणि खाली मुरूम, ही इथल्या बहुतेक अंगणांची जमीन. ओढ्या-नदीच्या कडेला काळी माती लागते. पाऊस जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरअखेर जातो. पाऊस हुकला तर धरणाचाही तळ दिसतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. म्हणून निवडणं-टिपणं, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची झोप आणि पाहुण्यांचा चहा हे सगळं झाडाखाली चालतं. अंगणातली सावली ही आमच्याकडे घराची एक खोलीच असते.

या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. म्हणजे आषाढात हौसेनं लावलेल्या रोपाला ऐन गरजेच्या दिवसांत घराला लावलेलं कुलूप बघावं लागतं. पुण्या-मुंबईकडचे सल्ले वाचून झाड लावलं तर ते इथं टिकत नाही, त्याचं एक मोठं कारण हे.

आधी खात्री करा, झाड मेलंय का

आमच्या स्वतःच्या अंगणातला लिंब, म्हणजे कडुनिंब, आजोबांच्या वेळचा. त्याचे शेंडे वाळायला लागले तेव्हा घरात दोन पक्ष पडले. आई म्हणाली, "पाडव्याला पालवी फुटती का बघू, मग बोला." धाकटा भाऊ म्हणाला, "पत्र्यावर पडल्यावर बोलायचं का मग?" दोघांचंही खरं होतं. असं झालं की झाडाकडे नीट बघायचं असतं.

लिंबाची पानं माघ-फाल्गुनात तशीही गळतात आणि पाडव्याच्या सुमाराला कोवळी पालवी येते. तेव्हा फेब्रुवारीत निष्पर्ण दिसणारा लिंब मेलेला समजायचा नाही. बोटाएवढ्या फांदीची साल नखानं किंवा चाकूच्या टोकानं थोडी खरवडावी. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं आणि डहाळी वाकवताच मोडली तर ती गेली. शेंड्यापासून बुंध्याकडे असं तपासत आलं की झाड कुठपर्यंत वाळलंय ते कळतं. मग बुंध्याभोवती फिरावं. साल सुटून लोंबतेय का, ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, मुळाशी अळंब्या उगवल्यात का, झाड एका बाजूला झुकून उलट्या बाजूची माती भेगाळली आहे का, हे बघावं. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर वाट बघू नये. असं झाड हिरवं असलं तरी वादळात उन्मळून पडू शकतं.

लिंब वाळण्याची एक साथ अलीकडे गाजली. 2021 मध्ये तेलंगणात गावोगावचे लिंब शेंड्यांकडून तपकिरी पडत वाळले. फोमॉप्सिस नावाची बुरशी त्याला कारण होती, आणि रस शोषणारी ढेकणासारखी कीड तिच्या जोडीला होती. पावसाळ्यात आणि नंतरच्या महिन्यांत हा रोग दिसतो. अख्खं झाड जळल्यासारखं दिसतं आणि माणसं घाबरून कुऱ्हाड काढतात. पण त्यातली पुष्कळ झाडं पुढच्या पालवीला सावरतात. अशा वेळी वाळलेले शेंडे छाटून जाळावेत आणि एक उन्हाळा थांबावं.

आमच्या लिंबाचा रोग वेगळा होता. तो एकाच बाजूनं वाळत होता, आणि त्याच बाजूला काही वर्षांपूर्वी गटारासाठी चर खणला होता. नंतर अंगणात सिमेंटचा कोबा झाला तो थेट बुंध्याला भिडवून. गावागावात अंगणातली झाडं जातात ती बरीचशी अशीच. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. चर खणताना ती तुटतात, कोबा केला की त्यांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाही. मोठं झाड लगेच मरत नाही. साठवणीवर चार-सहा वर्षं काढतं, आणि मग शेंडे वाळायला लागले की आपण म्हणतो, "कशानं वाळलं काय माहीत!" म्हणून कारण शोधणं गरजेचं. कारण तसंच राहिलं तर त्या जागी लावलेलं नवं झाडही त्याच वाटेनं जातं.

जुनं उभं असतानाच नवं लावा

मला सांगायची मुख्य गोष्ट ही आहे. माणसं आधी जुनं झाड तोडतात, जागा साफ करतात आणि मग नव्याच्या शोधात येतात. त्यामुळे घर पाच-सात वर्षं उघडं पडतं आणि त्या घाईत चुकीचं झाड निवडलं जातं. खरं तर वाळत्या झाडाची विरळ सावली कोवळ्या रोपाला फार मोलाची असते. वैशाखात भर उन्हातल्या रोपाची पानं करपतात, थोड्या सावलीतलं रोप तेवढ्याच पाण्यावर तग धरतं. पहिला शेंडा वाळला त्याच वर्षी नवं रोप लावलं, तर जुनं जाईपर्यंत नवं डोक्याच्या वर गेलेलं असतं.

आम्ही लिंबाच्या घरावर आलेल्या फांद्या तेवढ्या उतरवल्या. त्यासाठी दोर बांधून फांदी सोडणारा जाणकार माणूस आणला. विजेची तार जवळ असेल तर आधी महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्यावा. ते न करता झाडावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. बाकीचा बुंधा धोका नसेल तर पुरुष-दीड पुरुष उंच ठेवला तरी चालतो. ढोलीत पिंगळे आणि पोपट राहतात. उतरलेलं लिंबाचं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही, त्यामुळे दारं-खिडक्यांना आणि औजारांना उपयोगी येतं. जळणात घालण्याआधी सुताराला दाखवावं.

कायद्याचंही बघावं लागतं. गावात 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू आहे. त्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, चंदन, फणस अशी 16 प्रकारची झाडं आहेत. ती स्वतःच्या अंगणातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लिंब त्या यादीत नाही, पण तोडीपूर्वी ग्रामपंचायतीत आणि वन विभागात विचारून घेतलेलं बरं. बीड शहरासारख्या नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे आणि तिथं कुठल्याही झाडासाठी परवानगी लागते.

लवकर वाढणारी मंडळी

आता गिऱ्हाइकाच्या आवडीच्या विषयाकडे येऊ. झाड भराभर वाढतं ते कशाच्या जोरावर? पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न झाडाला वाटून द्यावं लागतं. थोडं मुळांना, थोडं लाकडाला, थोडं नव्या शेंड्यांना. भराभर उंच होणारी जात शेंड्यांना जास्त देते. तिचं लाकूड हलकं आणि ठिसूळ राहतं, आयुष्यही बहुधा कमी. लिंबाचं रोप पहिलं वर्षभर गप्प बसल्यासारखं दिसतं, कारण ते खाली मूळ सोडत असतं. मुरमातून वाट काढलेलं मूळच पुढं दुष्काळ काढतं.

या देशात लवकर वाढणाऱ्या झाडांची लाट अनेकदा आली. सामाजिक वनीकरणाच्या काळात नीलगिरी आणि सुबाभूळ आली. मूळची मेक्सिकोकडची सुबाभूळ आपल्याकडे पसरवण्यात उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेचा मोठा वाटा होता. वैरण, जळण आणि जमिनीला नत्र देणारं ते झाड शेताच्या बांधाला उपयोगी आहेच. 1988 च्या सुमारास सिलिड नावाच्या किडीनं भारतातल्या सुबाभळींना झोडपलं, तरी झाड संपलं नाही. अंगणात मात्र ते नको. शेंगांमधून इतकं बी पडतं की पावसाळ्यात सगळं अंगण सुबाभळीचं होतं.

मूळचा मादागास्करचा गुलमोहर सगळ्यांना आवडतो. मी तो विकतोही, पण सावलीसाठी मागणाऱ्याला सांगतो की आमच्याकडे त्याची पानं फेब्रुवारीपासून गळतात आणि फुलं येतात ती उघड्या फांद्यांवर. डोळ्यांना गार वाटतं, पण एप्रिलच्या दुपारी त्याच्याखाली चटके बसतात. शिवाय मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात पत्र्यावर पडायला हेच झाड पहिलं. सागाचं तसंच. लोक म्हणतात, "साग लावू, सावली पण होईल आणि पैसे पण." पण साग भर उन्हाळ्यात नागडा असतो. सावलीचं झाड निवडताना सगळ्यात आधी एकच बघावं: एप्रिल आणि मेमध्ये त्याच्या अंगावर पानं असतात का?

रेन ट्री, ज्याला काही जण विलायती शिरीष म्हणतात, झपाट्यानं वाढतो आणि छत्रीसारखा पसरतो. पण त्याला मैदान लागतं, अंगण पुरत नाही. मुंबईत पिठ्या ढेकणानं असे कितीतरी मोठे वृक्ष वाळले, ते तिथल्या लोकांनी बघितलंय. बकाणनिंब पहिल्याच वर्षी माणसाच्या वर जातो. रोपाचे व्यापारी त्याच्या भाऊबंदांची जाहिरात मोठ्या पैशाचं झाड म्हणून करतात. सावली म्हणून तो मध्यम, फांद्या कच्च्या आणि फळं विषारी, तेव्हा घरात लहान पोरं असतील तर नको. अलीकडे हिरवीगार भिंत हवी म्हणून कोनोकार्पस मागतात. गुजरात सरकारनं 2023 मध्ये त्याची लागवड बंद केली. परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या वाहिन्यांत घुसणारी मुळं, ही त्यांनी दिलेली कारणं. मी ते रोप ठेवत नाही.

मग काय लावायचं? माझं पहिलं मत करंजाला. मध्यम वेगानं वाढतो, मुरमात येतो, सावली दाट आणि गर्द. पानगळ थोडे दिवस असते, आणि भर उन्हाळ्यात त्याला तकतकीत नवी पानं येतात. शेंगांच्या कुळातला असल्यानं जमिनीला नत्र देतो. आणि आमच्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे शेळ्या त्याला फारशा तोंड लावत नाहीत. दुसरं मत लिंबाला, जुना लिंब रोगानं गेला नसेल तर. कारण तो कोब्यानं मेला असेल तर दोष लिंबाचा नाही. तिसरा शिरीष, वेगानं वाढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पालवतो, पण त्याच्या फांद्या घरापासून लांब राहतील अशी जागा हवी.

ज्यांना दोन-तीन वर्षांत सावली हवीच आहे, त्यांना मी एकाऐवजी दोन झाडं देतो. एक करंज किंवा लिंब, कायमचं. त्याच्या पश्चिमेला चार-पाच हातांवर शेवगा. शेवगा एका पावसाळ्यात घराच्या वळचणीला लागतो, वर्षभरात शेंगा देतो, आणि त्याची विरळ सावली शेजारच्या करंजाला मानवते. शेवगा दाराशी लावू नये असं जुनी माणसं म्हणतात. फांदी चटकन मोडते म्हणून ते बरोबरच आहे. त्यामुळे तो घरापासून लांबच्या बाजूला ठेवायचा आणि दरवर्षी कंबरेच्या वर छाटायचा. करंज मोठा झाला की शेवगा काढून टाकायचा. तो काढताना घरच्या बाईचं मन मोडतं, कारण शेंगांची सवय झालेली असते. पण हे लावतानाच ठरवून ठेवावं. पाण्याची सोय असेल तर शेवग्याऐवजी हादगाही चालतो, फुलांची भाजी मिळते.

वडाबद्दलही नेहमी विचारतात. वड लवकर मोठा करायची आपली जुनी रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मनगटाएवढ्या जाडीची, पुरुषभर उंच फांदी काढायची, वरच्या कापाला शेण-माती लिंपायची आणि ती खड्ड्यात रोवायची. पहिल्याच दिवशी झाड शेळीच्या तोंडाच्या वर. उंबर आणि पांगाराही असे येतात. पण वड घराजवळ कधीच नको. त्याची जागा गावाच्या पारावर, शाळेच्या मैदानात किंवा माळावर. बीडजवळच्या पालवणच्या उघड्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली. 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 ला तिथं वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद वडाला दिलं. या माळावर देशी झाडं येतात का अशी शंका असलेल्यानं एकदा तिकडं जाऊन यावं.

जागा आणि खड्डा

जागा उन्हाच्या हिशेबानं ठरवायची. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली पायाशी गोळा होते. त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो भरदुपारीही किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्यातली तापदायक उन्हं पश्चिमेकडून आणि वायव्येकडून भिंतीवर येतात. झाड त्या बाजूला हवं. दक्षिण बाजू मोकळी ठेवली तर थंडीतलं कोवळं ऊन अंगणात येतं आणि म्हाताऱ्यांना बसायला जागा होते.

घराच्या भिंतीपासून मोठं झाड किमान वीस-पंचवीस फूट लांब असावं. काळ्या मातीत तर याहून लांब. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. मुळांनी पायाजवळचं पाणी ओढलं की आक्रसण्याचं प्रमाण वाढतं आणि भिंतीला तडे जातात. शोषखड्डा, पाण्याची पाइप आणि विजेची तार यांच्याशीही अंतर ठेवावं. मेलेल्या झाडाच्या खोडाच्या जागीच नवं लावू नये. तिथं जुनी मुळं कुजत असतात आणि बुरशीही असू शकते. दोन-तीन हात बाजूला सरकावं आणि तिथला कोबा फोडून निदान चार-पाच फुटांचं आळं मोकळं करावं.

खड्डा मे महिन्यातच पहारीनं खणून ठेवावा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. मुरूम वेगळा टाकावा, उन्हानं माती तापू द्यावी. पहिला चांगला पाऊस झाला की वरची माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी लिंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा. रोप घेताना उंची बघून घेऊ नये. पिशवीत फार दिवस राहिलेल्या सहा फुटी रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतात. लावल्यावरही ती तशीच फिरत राहतात आणि झाड काही वर्षांनी हलायला लागतं. दोन-तीन फुटांचं, जाड बुडख्याचं रोप घ्यावं. पिशवी पूर्ण फाडून काढावी, तळाची गुंडाळलेली मुळं चाकूनं कापावीत, आणि पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप गाडावं. बुडखा मातीत पुरला की कुजतो.

कुलूप लागल्यावर पाणी कोण घालणार?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. झाडाचे पहिले तीन उन्हाळे अवघड. त्यानंतर लिंब किंवा करंज आपलं आपण बघतात. पण पट्टा पडेपर्यंत बाहेर राहणाऱ्या घरानं ते तीन उन्हाळे कसे काढायचे?

पहिला उपाय मडक्याचा. कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं मडकं रोपापासून हातभर अंतरावर मानेपर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. माती कोरडी पडेल तसं पाणी मडक्याच्या अंगातून पाझरतं, ओली असेल तर थांबतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात याचं वर्णन आहे, आणि आपल्याकडे कोरडवाहू फळबागांत हे होतंच. उन्हाचं उघड्यावर ओतलेलं पाणी वाफ होऊन जातं. मडक्यातलं पाणी मुळापर्यंत पोचतं. मातीच्या मगदुराप्रमाणे ते आठवड्यातून एखाद-दोनदा भरलं तरी पुरतं.

दुसरा उपाय आच्छादनाचा. आळ्यात सोयाबीनचं भुसकट, तुरीच्या काड्या किंवा पाचट वीतभर जाड पसरायचं, खोडाला मात्र भिडवायचं नाही. माती तापत नाही आणि ओल टिकते. वाळवी दिसली तर लिंबोळी पेंड मिसळावी. तिसरा उपाय कुंपणाचा. बाभळीच्या काट्या किंवा जुनी जाळी, पुरुषाच्या छातीएवढी उंच. घर बंद असलं की गल्लीतल्या शेळ्यांना अंगण मोकळंच असतं, आणि लिंबाचा कोवळा शेंडा त्यांना आवडतो. एकदा शेंडा खाल्ला की झाड खुरटतं किंवा झुडपासारखं फुटतं.

पण मडकं भरणारा माणूस लागतोच. टोळीबरोबर न जाणारी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं मागं राहतात, त्यांच्याकडे हे काम द्यावं. भांडी विसळलेलं पाणी दर आठ दिवसांनी दोन हंडे घातलं तरी पुरतं. घर पूर्ण बंद असेल तर शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं, बदल्यात शेवग्याच्या शेंगा त्याच्या. हा व्यवहार मी पुष्कळ घरांत बघितलाय आणि तो चालतो. ज्याच्या घरी असं कुणीच नाही, त्याला मी रोप विकत घेण्याऐवजी एक वर्ष थांबायला सांगतो, किंवा लिंबोळ्या देतो. पहिल्या पावसात जागेवरच पेरलेली लिंबोळी सोटमूळ सरळ खाली घालते. पिशवीतून आलेल्या रोपापेक्षा ती वर सावकाश येते, पण दुष्काळात जास्त तग धरते.

सरकारी कारभारालाही हे कळायला वेळ लागला. राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. त्यात मोजलं गेलं ते लावणं. रोजगार हमीतल्या बिहार पॅटर्नचा विचार वेगळा आहे. ठरावीक झाडं कुटुंबाकडे सांभाळायला द्यायची आणि किती जगली त्यावर मजुरी ठरवायची. झाड जगवणं हे काम आहे आणि कामाला दाम आहे, असं त्यात मानलंय. घरच्या झाडालाही हाच हिशेब लावावा. रोपाची किंमत थोडी असते. खरा खर्च तीन उन्हाळ्यांच्या हंड्यांचा आणि ते घालणाऱ्या हातांचा.

आमच्या लिंबाच्या पश्चिमेला आता करंज आहे आणि त्याच्या पलीकडे शेवगा. लिंबाच्या उरलेल्या अर्ध्या अंगाला अजून पालवी येते, कारण त्या बाजूचा कोबा आम्ही फोडला. भाऊ अजून म्हणतो, तोडून टाका. आई म्हणते, करंज पत्र्याच्या वर जाऊ दे, मग तोड. यात मी आईच्या बाजूचा आहे.

आमच्या धंद्याचं गणित मात्र उलटं आहे. रोप मेलं की गिऱ्हाईक पुढच्या पावसाळ्यात परत येतं, जगलं की वीस वर्षं फिरकत नाही. पण जगलेल्या झाडाखाली शेजारी बसतात, आणि मग शेजारी रोप मागायला येतात. गेल्या आषाढात एकाच गल्लीतली माणसं एकामागून एक करंज न्यायला आली. विचारलं तर सगळ्यांनी एकाच घराचं नाव घेतलं. त्या घरची पोरं ऊसतोडीला असतात आणि मडकं आजी भरते. त्यांच्यापैकी एकानंही मला लवकर वाढणारं झाड मागितलं नाही. एकानं फक्त विचारलं, "मडकं केवढं घ्यायचं?"